उसनी जाग

॥ रामकृष्णहरि ॥

गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहांत रात्रीचे कीर्तन आटोपते, अकराच्या सुमारास मंडळी हरिजागराला बसू लागतात, आणि त्याच वेळी चुलीकडून मोठे पातेले येते. कोठे चहा, कोठे जायफळ घातलेली कॉफी. ते आले नाही तर टाळ हाती घेण्यापूर्वी दोघे-तिघे तरी विचारतात, "काय हो, आज पातेलं चढलंच नाही वाटतं?" यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. परंतु तरुण माळकरी आताशा एक प्रश्न विचारू लागले आहेत, आणि तो टाळण्यासारखा नाही. ते म्हणतात, "बुवा, कॉफी पिऊन रात्रभर जागलो, तर तो जागर माझा की कॉफीचा? आणि एकादशीला अन्न सोडलं पण चहा सोडला नाही, तर उपवास घडला का?"

प्रश्न पेल्याएवढा दिसतो. पण त्याच्या पोटात मोठा विचार आहे. आपल्या चित्तावर सत्ता कोणाची, हा तो विचार होय. म्हणून आज त्याचेच यथामति निरूपण करू.

पाठशाळेत आम्हाला शिकवीत की, आधी वस्तूचे लक्षण करा, मग तिच्याविषयी वाद करा. तर आधी वस्तू पाहू. चहाच्या पानांत आणि कॉफीच्या बियांत कॅफीन नावाचे द्रव्य असते. १८१९ साली रुंगे नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते कॉफीच्या बियांतून वेगळे काढले. त्या बिया त्याला प्रसिद्ध कवी ग्योटे याने दिल्या होत्या. पुढे १८२७ साली चहात तसेच द्रव्य सापडले. ते निराळे समजून त्याला थीन असे नाव दिले गेले. आणि १८३८ साली दोन्ही एकच आहेत असे ठरले. आपल्या वेदान्ताच्या भाषेत सांगायचे तर नामरूप दोन, वस्तू एक. तेव्हा "मी कॉफी सोडली हो, आता नुसता चहा घेतो," असे जो सांगतो, त्याने भांडे बदलले, एवढेच म्हणावे.

आता हे द्रव्य करते काय? पुष्कळांचा समज असा की, त्याने अंगात शक्ती येते. तसे नाही. मनुष्य सकाळी उठल्यापासून जागा असतो, मेंदू काम करतो, आणि त्या कामाबरोबर ॲडेनोसिन नावाचे द्रव्य मेंदूत साठत जाते. ते आपल्या ठराविक जागी जाऊन बसले की शरीराला कळते, थकवा आला, आता निजावे. कॅफीनची घडण त्याच्याशी इतकी मिळतीजुळती की ते त्या जागा स्वतःच अडवून बसते. थकव्याचा निरोप पोचत नाही. म्हणजे निरोप्याला दारात अडवले. निरोप खोटा ठरला नाही. श्रम होते तेवढेच आहेत, फक्त कळत नाहीत. कॅफीन ओसरले की तुंबलेला निरोप एकदम येतो, आणि मनुष्य म्हणतो, "आत्ता तर बरं होतं, एकाएकी काय झालं?" एकाएकी काही झालेले नसते. उसने आणलेले परत करण्याची वेळ आलेली असते.

ते ओसरायलाही वेळ लागतो. निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरातून त्याचा अर्धा भाग जायला साधारण पाच तास लागतात. कोणाला थोडे कमी, कोणाला जास्त, आणि गर्भवती स्त्रीला तर पुष्कळच जास्त. संध्याकाळी सहाला हरिपाठानंतर घेतलेल्या पेल्यातले निम्मे कॅफीन रात्री अकरालाही अंगात असते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निजण्यापूर्वी सहा तास कॅफीनची मोठी मात्रा, म्हणजे ४०० मिलिग्रॅम, दिली असता झोप तासाहून अधिक कमी झाली. "मला बुवा चहानं काही होत नाही, पिऊन लगेच घोरतो," असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की घोरणे आणि विश्रांती या दोन गोष्टी आहेत.

प्रमाणाचेही सांगतो, कारण प्रमाणावाचून निंदा किंवा स्तुती दोन्ही पोकळ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहारविषयक सूचनांत असे म्हटले आहे की, १५० मिलिलिटर काढ्याच्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, झटपट कॉफीत ५० ते ६५, आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते. आणि दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. वारीच्या वाटेवर आठ वेळा चहा होणे ही काही नवलाची गोष्ट नाही. पेला १०० मिलिलिटरचा धरला तरी आठ पेल्यांत १६० ते ३४७ मिलिग्रॅम झाले. शिवाय पेल्यामागे दोन चमचे साखर धरली, चमचा पाच ग्रॅमचा धरला, तर ऐंशी ग्रॅम साखर. मधुमेह असलेल्या वारकऱ्याला कॅफीनपेक्षा ही साखरच आधी गाठते. त्याच संस्थेने जेवणाच्या आधी व नंतर एक तास चहा-कॉफी घेऊ नये असे सांगितले आहे, कारण त्यातील तुरट द्रव्ये अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते अंगी लागत नाही. दिंडीत पंगतीवरून उठून हात वाळण्याच्या आत पेला पुढे करतात. आपल्या मायबहिणींत रक्त कमी असणाऱ्या पुष्कळ असतात, त्यांच्यासाठी तरी तो पेला तासभर मागे ठेवावा.

येथे कोणी म्हणेल, "महाराज, तुम्ही या बिचाऱ्या झाडाला विषवृक्ष ठरवलात." मुळीच नाही. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या कोवळ्या अर्भकाचा श्वास अधूनमधून थांबतो, तेव्हा वैद्य त्याला जे औषध देतात ते हेच कॅफीन. या द्रव्याने श्वास चालू राहिलेली बालके आज घराघरांत खेळत आहेत. जे बेताने कॉफी घेतात त्यांच्यात मधुमेह कमी आढळतो असेही मोठ्या पाहण्यांत दिसले आहे. मात्र एकत्र आढळणे आणि एकामुळे दुसरे घडणे यांत भेद आहे, हे नैयायिकाने तरी विसरू नये. तात्पर्य, वस्तू जड आहे. तिला पाप नाही, पुण्य नाही. विचार करायचा तो आपल्या आणि तिच्या नात्याचा.

या नात्याविषयी सृष्टीतले एक मोठे गमतीचे उदाहरण आहे. झाडे कॅफीन करतात ती पाने आणि बी किड्यांनी खाऊ नये म्हणून. पण कॉफीच्या फुलांतल्या मधातही ते अगदी अल्प असते. २०१३ सालच्याच दुसऱ्या एका संशोधनात असे दिसले की, असा मध चाखलेल्या मधमाशीला त्या फुलाच्या वासाची आठवण दुसऱ्या दिवशीही अधिक राहते. ती आठवणीने परत येते, आणि झाडाचे परागवहनाचे काम होते. माशीला वाटते, मी मध घेते. झाडाच्या बाजूने पाहिले तर झाडाने माशी कामाला लावली. आपल्या संतवाङ्मयात भ्रमर फुलाला भुलतो हा दृष्टान्त पदोपदी येतो; इथे तो वनस्पतिशास्त्रात प्रत्यक्ष सापडला. सकाळी डोळे उघडण्याआधी पेल्याची आठवण होणाऱ्या मनुष्याने ही माशी जरा न्याहाळून पाहावी.

आता पूर्वपक्ष घेऊ. पहिला असा की, शास्त्रात चहा-कॉफीचा निषेध कोठे आहे? खरे आहे, नाही. कोठून असणार? ज्ञानेश्वरी शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० ची. त्या काळी काय, किंवा तुकोबारायांच्या काळी काय, पंढरीच्या वाटेवर चहाचे आधण कोठेही नव्हते. आसामातला चहा पहिल्यांदा लंडनच्या लिलावात गेला तो १८३९ साली, आणि आपल्या खेड्यापाड्यांत तो घरोघर शिरला तो विसाव्या शतकात, पुष्कळसा व्यापाऱ्यांच्या प्रचाराने. मनुस्मृतीने राजासाठी अठरा व्यसने मोजली आहेत, त्यांत द्यूत आहे, मृगया आहे, मद्य आहे, इतकेच काय, दिवसा झोपणेही आहे, चहा नाही. परंतु यादीत नाव नाही म्हणून वस्तू निर्दोष ठरत नाही, जशी नाव नाही म्हणून ती दोषीही ठरत नाही. यादीमागचे तत्त्व पाहावे लागते. व्यसन या शब्दाचा संस्कृतात संकट असाही अर्थ आहे. जी गोष्ट मनुष्याला त्याच्या कर्तव्यापासून फेकून देते ते व्यसन. एवढी कसोटी हाती असली म्हणजे नवी यादी ज्याची त्याला करता येते.

दुसरा पूर्वपक्ष अधिक बळकट आहे. तो म्हणतो, भजनासाठी जागायचे, आणि जागण्यासाठी कॉफी घ्यायची. साध्य पवित्र असता साधनाला का दोष द्यावा? या पक्षाला इतिहासाचेही पाठबळ आहे. पंधराव्या शतकात यमन देशातले सूफी साधक रात्रीच्या नामस्मरणात डोळा लागू नये म्हणून कॉफी पीत. म्हणजे जगात कॉफीचा प्रसार झाला तो आधी बाजारातून नव्हे, देवाच्या नावासाठी जागणाऱ्यांच्या मेळ्यातून. १५११ साली मक्केच्या अधिकाऱ्याने कॉफीवर बंदी घातली, धर्मपंडितांची सभा भरवली, वाद झाला. पण कैरोच्या सुलतानाने ती बंदी टिकू दिली नाही. आणि आपल्या देशात कॉफीचे बी आणले ते बाबा बुडन या सूफी साधूने, सात बिया यमनहून आणून कर्नाटकातल्या चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरागत कथा आहे. त्या डोंगराला आजही त्याचे नाव आहे. तेव्हा भक्त आणि कॉफी यांची ओळख आजची नव्हे.

या पक्षाला उत्तर देताना मी साधनाला दोष देत नाही. चष्मा लावून पोथी वाचली तर वाचन चष्म्याचे होत नाही. तसाच एक पेला घेऊन कोणी जागराला बसला, तर त्याचा जागर कॉफीने नेला असे मी म्हणणार नाही. पण चष्म्यात आणि पेल्यात एक भेद आहे. चष्मा डोळ्याची उणीव भरून काढतो. पेला थकव्याची उणीव भरत नाही, ती झाकतो. आणि त्याहून मोठा मुद्दा हा की, जागर म्हणजे पापण्या उघड्या असणे नव्हे. पापण्या तर पहारेकऱ्याच्याही उघड्या असतात, जुगाऱ्याच्याही असतात. चित्त नामाच्या ठिकाणी जागे असणे हा जागर. कॅफीन डोळा उघडा ठेवते. चित्त कोणीकडे ठेवायचे ते त्याला ठाऊक नाही. उलट पेले वाढले की मन चळवळू लागते, छाती धडधडते, अभंगाचे पहिले चरण संपण्याआधी दुसऱ्या चालीचा विचार येतो. तमोगुण घालवायला रजोगुण बोलावला, आणि सत्त्वगुणाला बसायला पाट उरला नाही, अशी ती अवस्था.

शिवाय आपल्या संप्रदायाने झोपेवर जो उपाय काढला आहे तो आपण डोळ्यांनी पाहतो आणि विचारात घेत नाही. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते. मग एकच विणेकरी सात दिवस जागतो काय? नाही. पहारे लावतात. एकाची वेळ संपली की दुसरा येतो, नमस्कार करतो, वीणा गळ्यात घेतो, पहिला जाऊन निजतो. नाम अखंड राहते, मनुष्य मोडत नाही. किती शहाणपणाची ही व्यवस्था! देह थकतो हे तिने मान्य केले आणि थकलेल्याच्या जागी भाऊ उभा केला. कॉफी जे काम एकट्याच्या देहाला पिळून करू पाहते, ते आपल्या पूर्वजांनी संगतीने केले. चरकाचार्यांनी देहाला धरून ठेवणारे तीन आधार सांगितले, त्यांत आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या बरोबरीने निद्रा सांगितली आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याला जे युक्तपण सांगितले, त्यातही झोप आणि जागणे या दोहोंचा मेळ आहे. झोप ही भक्तीची वैरीण नव्हे. ऐंशी वर्षांचे म्हातारबाबा मांडवाच्या खांबाला टेकून डुलकी घेत असतील, तर त्यांना हलवून चहा पाजण्याचे पुण्य कोणी घेऊ नये.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगतो, कारण तिच्यात जिवाचा प्रश्न आहे. रात्रभर जागर करून पहाटे काकडा झाला की मंडळी टेम्पोत, जीपमध्ये बसून घरी निघतात. चालवणाराही रात्रभर जागलेलाच असतो. त्याला एक कडक चहा पाजतात आणि म्हणतात, "चल, आता झोप येत नाही." अहो, तो निरोप्या दारात अडवलेला आहे, एवढेच! झोपेचे कर्ज कॅफीनने फिटत नाही. आणि ते न फिटलेले कर्ज क्षणभराच्या डुलकीने वसूल होते, तेवढ्यात गाडी किती अंतर जाते याचा हिशोब करावा. चालवणाऱ्याला रात्री आधी झोपवा. जागराचा त्याचा वाटा बाकीच्यांनी उचलावा. तोही विण्याचा पहाराच आहे. एवढे जरी हा लेख वाचून एका दिंडीने केले, तरी लिहिण्याचे सार्थक झाले.

आता एकादशीचा चहा. धर्मशास्त्रात व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत: पाणी, मूळ, फळ, दूध, हवि, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध. चहा यांत कोठे बसवायचा? पानांचा काढा म्हणून फळामुळांत ढकलणारे आहेत. ते राहू द्या. बहुतेकांचे खरे कारण निराळेच असते. ते म्हणतात, "चहा नाही घेतला तर डोकं धरतं, मग भजनात लक्ष लागत नाही." म्हणजे औषध म्हणून घेतो. हे डोके धरणे खोटे नाही, सोंग नाही. नित्य चहा-कॉफी घेणाऱ्याने ती बंद केली की बारा ते चोवीस तासांत डोकेदुखी, सुस्ती, चिडचिड सुरू होते, आणि काहींना ती आठवडाभरही पुरते. वैद्यकाने या अवस्थेला रीतसर नाव दिले आहे. पण मग औषधाचे लक्षण पाहा. रोग आधी असतो आणि औषध मागाहून येते. येथे जे औषध म्हणून घेता त्यानेच रोग उत्पन्न केला. सावकाराने घर गहाण ठेवून घ्यावे आणि मग राहायला खोली दिली म्हणून त्याचे उपकार मानावेत, तसे हे झाले. म्हणून माझे मत असे की, एकादशीच्या चहाने उपवास मोडतो की नाही हा वाद दुय्यम आहे. चहावाचून ज्याची एकादशी पार पडत नाही, त्याला त्या दिवशी आपल्या बांधिलकीचा साक्षात्कार झाला, हेच त्या एकादशीचे फळ. उपवास म्हणजे देवाजवळ राहणे. जवळ बसल्यावर आपल्याला मागे कोण ओढतो ते कळते. ते कळावे म्हणूनच तर व्रत.

यावर एखादा उत्साही माळकरी म्हणेल, "ठरलं तर! आजपासून चहा बंद, आणि वाटेत कुणी दिला तरी परत." थांबा. पालखीच्या वाटेवर एखादी माउली पदराखाली पेला धरून उभी असते. घरात दूध बेताचे, साखर उसनी आणलेली. पण वारकऱ्याच्या मुखात आपला घोट जावा एवढीच तिची इच्छा. तिच्यापुढे व्रताचा झेंडा नाचवून जो पुढे जातो, त्याने चहा सोडला आणि अहंकार धरला. हा सौदा तोट्याचा. तिच्या पेल्यातला घोटभर घ्यावा, हात जोडावे, आणि पुढच्या चार ठिकाणी "माउली, आत्ताच झाला, पाणी द्या," म्हणून प्रेमाने पाणी मागावे. पाणीही तिच्याच हातचे. देणाऱ्यांनीही एवढे करावे की चहाच्या पातेल्याशेजारी पाण्याची, ताकाची घागर ठेवावी, म्हणजे नको म्हणणाऱ्याला अवघड वाटणार नाही. मी स्वतः सकाळी एक पेला कॉफी घेतो. घेणाऱ्यांच्या पंगतीत बसूनच हे लिहितो आहे.

मग सोडायचे असेल तर कसे सोडावे? एकदम नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात अहितकारक सवय सोडण्याचा क्रम सांगितला आहे: थोडा हिस्सा सोडावा, त्या जागी हितकर वस्तूचा तेवढाच हिस्सा घ्यावा, त्यावर एक दिवस थांबावे, मग दुसरा हिस्सा, दोन दिवस थांबावे, मग तिसरा, तीन दिवस. हा हिस्सा चौथाई घ्यावा की त्याहून लहान, याविषयी टीकाकारांत विचार आहे. आपल्याला सोसेल तसा घ्यावा. वाग्भटानेही एकाएकी सोडण्याने विकार होतात असा इशारा दिला आहे. आजचे वैद्यही कॅफीन क्रमाक्रमानेच कमी करा म्हणतात. चार पेले असतील तर पंधरवडाभर आधी सुरुवात करावी. एक पेला गाळावा, त्या जागी गवती चहा-आल्याचा काढा, ताक किंवा कोमट पाणी. आधी संध्याकाळचा पेला सोडावा, म्हणजे रात्रीची झोप लगेच सुधारते. शुद्ध प्रतिपदेला आरंभ केला तर एकादशीपर्यंत डोके सहसा शांत झालेले असते. गर्भवती स्त्रिया, हृदयाची धडधड किंवा रक्तदाब असलेले यांनी आपल्या वैद्याला विचारून प्रमाण ठरवावे.

आणि सोडायचे नसेल तर? तर सोडू नये. पण कसोटी मात्र घ्यावी. महिन्यातून दोन एकादश्या येतात. त्या दोन दिवशी तरी पेल्याला सांगावे, "आज तू थांब." तो थांबला, आपण शांत राहिलो, तर तो आपला चाकर आहे, उद्या सुखाने घ्यावा. तो थांबत नसेल, दुपारपर्यंत घरातल्या माणसांवर ओरडायला लावीत असेल, तर धनी कोण हे समजले. पांडुरंगाच्या दारी जाणाऱ्याने दुसऱ्या कोणाची चाकरी किती करावी, हे त्याने मग स्वतःच ठरवावे. इतर कोणी त्याच्या पेल्यात डोकावू नये.

जागराविषयी शेवटचे सांगायचे ते इतकेच. दिवसा घटकाभर निजून घ्या, रात्री हलके जेवा, पहारे वाटून घ्या, डोळा जड झाला तर उभे राहून टाळ धरा, पावली खेळा. इतके करून एक पेला लागलाच तर घ्या. पण अकरा वाजता पातेले आले नाही म्हणून जागर सुना पडू देऊ नका.

॥ पुंडलिक वरदे हरि विठ्ठल ॥